टाकळा, कासविंदा आणि गरोदरपण: लिव्हरविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले की बाजारात टाकळ्याच्या जुड्या दिसू लागतात आणि त्यामागोमाग प्रश्नही येतात. बहुतेक गरोदर बायकांचे, काही सासवांचे, अधूनमधून एखाद्या घाबरलेल्या नवऱ्याचे. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कोणी कासविंद्याच्या (टाकळ्यासारखं दिसणारं विषारी झाड) शेंगा किंवा बिया खाल्ल्या असतील तर बाकीचं नंतर वाचा, आधी थेट प्रश्न ७ वर जा.

१. टाकळा आणि कासविंदा हे एकच झाड ना?

नाही. दोन्ही एकाच कुळातली, दोन्हींना पिवळी फुलं, दोन्ही पावसाळ्यात रस्त्याकडेला आणि पडीक जागी माजतात, म्हणून गोंधळ होतो. टाकळा म्हणजे विदर्भातला तरोटा आणि गोव्यातला तायकिळो. फणसाच्या आठळ्या घालून किंवा मूगडाळ-खोबरं घालून आपण ज्याची भाजी करतो तो हाच. कासविंदा काही भागांत ‘रानटाकळा’ म्हणून ओळखला जातो आणि घोळ इथूनच सुरू होतो. हिंदीत त्याला कसौंदी म्हणतात, आयुर्वेदात कासमर्द. टाकळ्याचं आयुर्वेदातलं नाव चक्रमर्द. लिव्हरला गंभीर इजा केल्याची नोंद आहे ती कासविंद्याची, मुख्यतः त्याच्या बियांची.

२. भाजीवालीकडच्या कोवळ्या जुडीत फरक कसा ओळखू?

पानाच्या टोकाकडे बघा. टाकळ्याच्या पर्णिका (एका पानातली छोटी पानं) टोकाला गोलसर आणि रुंद, देठाकडे निमुळत्या असतात. एका पानाला साधारण तीन जोड्या, आणि टोकाची जोडी सगळ्यात मोठी. कासविंद्याच्या पर्णिका टोकदार असतात, जोड्या चार ते सहा. पान चुरगळलं की कासविंद्याला उग्र, नकोसा वास येतो. टाकळ्यालाही वास असतो, पण तो भाजी नेहमी खाणाऱ्याच्या ओळखीचा असतो.

आणखी एक खूण: कासविंद्याच्या पानाच्या देठाशी, अगदी तळाला, एक गोल गडद गाठ असते. टाकळ्यात तशी गाठ तळाला नसते, पहिल्या-दुसऱ्या जोडीच्या मध्ये बारीक टोकासारखी असते. अगदी लहान रोपांत जोड्या पूर्ण आलेल्या नसतात, त्यामुळे जोड्या मोजून फसायला होतं. टोकाचा आकार मात्र तेव्हाही कळतो.

शेंगा धरल्या की शंकाच उरत नाही. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वाकलेली. कासविंद्याची चपटी, थोडी वर वळलेली, मध्ये तपकिरी आणि कडेला फिकट. पण तोवर भाजीचे दिवस संपलेले असतात.

३. कासविंदा इतका विषारी असेल तर आपल्याकडे कोणी बोलत का नाही?

बोललं गेलं, पण महाराष्ट्राबाहेर, आणि तिथेही फार उशिरा. पश्चिम उत्तर प्रदेशात दरवर्षी पावसाळा सरताना लहान मुलं अचानक आजारी पडायची. उलट्या, मग गुंगी, झटके, आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू. वर्षानुवर्षं त्याला मेंदूज्वर समजलं गेलं, डासांवर फवारण्या झाल्या. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन यांच्यासोबत, आजारी मुलांच्या आणि निरोगी मुलांच्या घरी जाऊन तेच ते प्रश्न विचारले. आजारी मुलांनी कासविंद्याच्या बिया खाल्ल्याचं त्यातून पुढे आलं. २००७ साली हे प्रसिद्ध झालं. या आजारात लिव्हर, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर एकदम घाव बसतो आणि दाखल झालेल्या मुलांतली बहुतेक दगावत.

२०१६ च्या पावसाळ्यानंतर ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात आदिवासी वस्त्यांमधली सुमारे शंभर मुलं गेली. तिथेही आधी जपानी मेंदूज्वराचं नाव घेतलं गेलं. काही मुलांना तो खरोखर होता, पण डॉ. जॉन यांच्या पथकाने बाकीच्यांबाबत बोट ठेवलं ते ‘बडा चाकुंडा’ या झाडावर. म्हणजे आपला कासविंदाच.

विषाचा संशय आहे तो बियांमधल्या अँथ्राक्विनोन गटातल्या द्रव्यांवर: इमोडिन, ऱ्हाइन, ॲलो-इमोडिन वगैरे. लखनौच्या विषविज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांना आजारी मुलांच्या नमुन्यांत ही द्रव्यं सापडली.

४. ही सगळी उदाहरणं लहान मुलांची आहेत. गरोदर बाईला त्याचं काय?

प्रश्न रास्त आहे. मुलांमध्ये परिणाम भयानक होतो तो वजन कमी, पोट बरेचदा रिकामं आणि खाल्लेल्या बिया मूठभर, या तिन्हींमुळे. धडधाकट मोठ्या माणसाने चुकून चार पानं खाल्ली तर तसंच होईल असं म्हणणं म्हणजे उगाच भीती घालणं.

तरीही गरोदरपणात आम्ही ‘अजिबात नको’ म्हणतो, त्याची कारणं वेगळी आहेत. गर्भवतींवर कासविंद्याच्या मात्रा कोणी तपासलेल्या नाहीत आणि तपासणारही नाही, म्हणून ‘इतकं चालेल’ असा आकडा कुणाजवळ नाही. अँथ्राक्विनोन आतड्यांना जोरात हालवतात. जुलाब, पाणी कमी होणं, पोटात मुरडा यातलं काहीच पोटातल्या बाळाला सोसवणारं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: गरोदरपणात लिव्हरचे काही आजार आपणहून उद्भवतात, त्यांची लक्षणं हुबेहूब अशीच असतात (प्रश्न ८). सगळं खापर भाजीवर फोडण्यात दोन दिवस गेले तर ते दोन दिवस परत मिळत नाहीत.

५. मग टाकळ्याची भाजी गरोदरपणी खाऊ की नको?

खा. फक्त भाजी टाकळ्याचीच असल्याची खात्री हवी, पानं फुलं येण्याआधीची कोवळी हवीत, आणि ती नीट शिजलेली हवीत. बऱ्याच घरांत पानं उकडून, पिळून, ते पाणी टाकून मग फोडणीला घालतात. गरोदर बाईसाठी तीच पद्धत धरा. आठवड्यातून एकदा-दोनदा, वाटीभर. टाकळा मुळात थोडा सारक आहे, पोट ढिलं झालं तर थांबा.

हमरस्त्याच्या कडेचा आणि तणनाशक मारलेल्या बांधावरचा टाकळा घेऊ नका. खरं सांगायचं तर मुंबई-पुण्याच्या बाजारात टाकळा घेताना आम्हाला कासविंद्यापेक्षा या गोष्टीची काळजी जास्त वाटते. आधीपासून लिव्हरचा आजार असेल किंवा उलट्यांनी अन्न टिकत नसेल, तर हा मोसम जाऊ द्या. आणि भाजीत फोलेट असतं म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी बंद करू नका. असं करणाऱ्या बायका खरंच आहेत.

६. मागच्या आठवड्यात गावी भाजी खाल्ली, आता फोटो बघून वाटतंय की तो कासविंदाच होता. सहावा महिना आहे. बाळाला काही होईल का?

कासविंद्याचा तीव्र त्रास काही तासांत ते दोन-तीन दिवसांत दिसतो. आठवडा उलटला, उलट्या नाहीत, गुंगी नाही, जेवण नेहमीसारखं आहे आणि बाळाची हालचाल जाणवतेय, तर शिजवलेल्या कोवळ्या पानांच्या एका भाजीने आता काही होण्याची शक्यता फार कमी आहे. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगा. मनाच्या समाधानासाठी एकदा लिव्हरच्या चाचण्या करून घ्यायला हरकत नाही. उरलेली भाजी फेकून द्या, आणि ज्यांनी ती दिली त्यांना प्रश्न २ वाचून दाखवा.

७. शेंगा किंवा बिया खाल्ल्या असतील तर लगेच काय करायचं?

लक्षणांची वाट न पाहता दवाखान्यात जा. शक्यतो जिथे प्रसूती विभाग आणि अतिदक्षता विभाग एकाच छताखाली आहेत तिथे, म्हणजे जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. रुग्णवाहिकेसाठी १०८. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास चालू असतं, त्यांचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७. तुमचे डॉक्टरही तिथे फोन करू शकतात.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. गरोदर बाईच्या बाबतीत तर मुळीच नाही. ताक, दूध, लिंबू यांनी विष ‘उतरत’ नाही. झाडाची फांदी, शेंगेसकट, पिशवीत घालून सोबत न्या. ‘कसलीशी रानभाजी’ एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही.

या विषावर उतारा नाही. उपचार म्हणजे रक्तातली साखर सांभाळणं, पाणी-क्षार सांभाळणं, मेंदूला सूज येऊ न देणं आणि बाळाच्या ठोक्यांवर लक्ष. रक्तात लिव्हरसाठी एसजीओटी-एसजीपीटी आणि बिलिरुबिन, रक्त गोठतंय का हे बघायला पीटी-आयएनआर, साखर, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि स्नायूंसाठी सीपीके तपासतात. पहिला रिपोर्ट चांगला आला तरी डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतील, तेव्हा घरी जायची घाई करू नका.

८. डोळे पिवळे झालेले नाहीत, म्हणजे लिव्हर ठीक आहे ना?

नाही, आणि या पानावरचा सर्वात घातक गैरसमज हाच. कासविंद्याच्या विषबाधेत मुलं बेशुद्ध पडत, एसजीपीटी हजारांत जाई, आणि तरी डोळे पांढरेच असत किंवा जेमतेम पिवळे. लिव्हर झपाट्याने बंद पडत असताना कावीळ दिसायला वेळच मिळत नाही.

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत लिव्हरमध्ये अचानक चरबी साठण्याचा एक दुर्मीळ आजार होतो, त्यातही सुरुवात अशीच: मळमळ, उलट्या, गळून जाणं, साखर घसरणं. दुसरा आजार हेल्प सिंड्रोम. त्यात लाल पेशी फुटतात, प्लेटलेट कमी होतात, उजव्या बरगडीखाली दुखतं आणि बहुतेकदा रक्तदाब चढलेला असतो. या दोन्हींवर खरा उपाय प्रसूती, तीही वेळेत. तेव्हा सातव्या महिन्यानंतर नव्याने सुरू झालेल्या उलट्या, उजव्या बाजूचं पोटदुखणं, असंबद्ध बोलणं, हिरड्यांतून रक्त किंवा गडद लघवी, यातलं काहीही असलं तर ‘काल काय खाल्लं’ याची चर्चा गाडीत बसल्यावर करा.

९. रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं आहे. टाकळ्यामुळे असेल का?

बहुधा बाळामुळे. वार (प्लॅसेंटा) स्वतः हे द्रव्य तयार करते, त्यामुळे शेवटच्या तिमाहीत आकडा दुप्पट-तिप्पट झालेला दिसतो. अल्ब्युमिनही थोडं कमी दिसतं, कारण रक्तात पाण्याचं प्रमाण वाढलेलं असतं. मात्र एसजीपीटी आणि एसजीओटी गरोदरपणामुळे वाढत नाहीत. ते वाढले असतील तर ‘दिवस आहेत, असं होतं’ म्हणून सोडू नका.

१०. हातापायांच्या तळव्यांना रात्री प्रचंड खाज येते. घरचे म्हणतात रानभाजीची उष्णता.

पुरळ नाही, खाज तळवे-तळपायांना, रात्री जास्त आणि सातवा-आठवा महिना, एवढं जुळलं तर पित्तरस अडकण्याच्या आजाराची शंका घ्यावी लागते. रक्तातल्या पित्ताम्लांची, म्हणजे बाइल ॲसिडची, चाचणी होते. आईला त्रास खाजेपुरताच असतो, पण पित्ताम्लं फार वाढली (लिटरमागे १०० मायक्रोमोलच्या वर) तर बाळ पोटात दगावण्याचा धोका वाढतो. म्हणून प्रसूतीची तारीख अलीकडे घेतात. याचा टाकळ्याशी काही संबंध नाही. गुलकंद खाऊन ही खाज जाणार नाही.

११. पावसाळ्यात कावीळ झाली आणि त्याच आठवड्यात रानभाजी खाल्ली होती. दोष कुणाचा?

आधी पाण्याचा संशय घ्या. हेपेटायटिस ई दूषित पाण्यातून पसरतो, आणि एरवी आपोआप बरा होणारा हा आजार गरोदर बाईला मात्र जिवावर बेततो: शेवटच्या तिमाहीत मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. गरोदर बायकांना ती किती महाग पडते, हे तेव्हाच दिसलं होतं. विषाणू अंगात शिरल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात, त्यामुळे गेल्या आठवड्यातल्या भाजीशी त्याचा मेळ बसत नाही. लेप्टो आणि डेंग्यूही याच दिवसांत लिव्हरवर येतात, ताप असेल तर त्यांचीही तपासणी होते. पाणी खळखळून उकळा. एवढं एक काम घरच्या पुरुषांनी अंगावर घ्यायला काहीच हरकत नाही.

१२. सासूबाई म्हणतात कासविंदा तर काविळीवरचं औषध आहे. लिव्हरच्या गोळ्यांच्या पाकिटावरही कासमर्द लिहिलेलं आहे!

लिहिलेलं असतं, हे खरं. लिव्हरसाठी म्हणून दुकानात सहज मिळणाऱ्या आयुर्वेदिक गोळ्या-सिरपांत कासमर्द हा जुना घटक आहे. पारंपरिक वापरात खोकल्यावरही तो देतात. पण गोळीतली मोजलेली मात्रा आणि परसातल्या मूठभर बियांचा काढा यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एकीवरून दुसरीचं समर्थन होत नाही.

शिवाय गोळीसुद्धा गरोदरपणी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. गर्भवतीच्या काविळीला आधी कारण शोधावं लागतं (प्रश्न ८ ते ११), कारण चारही आजारांचे मार्ग वेगळे आहेत. नाकात देवडांगरीचे थेंब टाकून पिवळं पाणी काढणं, गळ्यात माळ घालणं, चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ ‘उतरवणं’, हे अजूनही चालतं. माळेने अपाय नाही, पण माळ बांधून घरी परतलेली बाई पुढचे चार दिवस दवाखान्यात जात नाही. नाकातले थेंब तर स्वतःच जहाल असतात. सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना घेऊनच डॉक्टरांकडे जा, त्यांच्या शंकांची उत्तरं तिथेच मिळू द्या.

१३. लोहाच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही. सोनामुखीचा चहा किंवा टाकळ्याच्या बिया चालतील?

टाकळ्याच्या बिया नकोत. पाल्याची भाजी आणि बी यांना एकाच मापाने मोजू नका, अँथ्राक्विनोन बियांत असतात. सोनामुखी ही याच कुळातली तिसरी बहीण. ती क्वचित, थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांनी सांगितली तर घेतात. पण महिनोन्महिने जास्त मात्रेत घेतल्याने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून रोजचा चहा करू नका. आधी इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्या, त्याने भागलं नाही तर डॉक्टर लॅक्टुलोज देतील. लोहाची गोळी बदलूनही पुष्कळांना फरक पडतो.

१४. गुळवेल तरी चालेल ना? ती तर अमृता!

कोविडच्या काळात घराघरांत गुळवेलीचा काढा उकळत होता, आणि २०२० च्या अखेरीस मुंबईतल्या लिव्हरतज्ज्ञांकडे काढा पिणारे सहा रुग्ण लिव्हरच्या दाहाने आले. ते पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालं. आयुष मंत्रालयाने हे मान्य केलं नाही, दिसायला तशीच दुसरी वेल वापरली गेली असावी असं त्यांचं म्हणणं. वाद तज्ज्ञांचा तज्ज्ञांना लखलाभ. वेल चुकीची असो वा बरोबर, गरोदरपणी काढा नको. थायरॉइड किंवा इतर स्वप्रतिकार (ऑटोइम्यून) आजार असलेल्यांनी तर नाहीच.

१५. बिया भाजून कॉफी करतात म्हणे. भाजल्यावर विष जातं का?

भाजल्याने विषारीपणा कमी होतो, पण तो पूर्ण गेला की नाही हे घरच्या तव्यावर कळत नाही. कासविंद्याच्या बियांची अशी कॉफी जगात बऱ्याच ठिकाणी पितात, हे खरं आहे. गरोदरपणी साधी कॉफी एक-दोन कप चालते, मग हा खटाटोप कशाला?

१६. पाळी चुकली आहे. कासविंद्याचं मूळ दिलं तर ‘मोकळी’ होईन असं शेजारीण म्हणते.

घेऊ नका. गर्भ पडेल याची खात्री नाही, पण जुलाब, रक्तस्राव आणि लिव्हरची इजा मात्र पदरात पडू शकते, आणि अर्धवट पडलेला गर्भ जंतुसंसर्गाने जीव घेतो. गर्भपात भारतात १९७१ पासून कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, आणि काही विशिष्ट परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने तो करता येतो. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. सरकारी रुग्णालयात जा, नाव गुप्त ठेवणं त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. आणि काही आधीच घेतलं असेल तर डॉक्टरांना न लाजता सांगा. लपवल्याने उपचार चुकतात.

१७. बाळंतीण टाकळा खाऊ शकते का?

शिजवलेली पालेभाजी चालते, प्रश्न ५ मधल्या अटींवर. बिया, काढे नकोत. या गटातली द्रव्यं थोड्या प्रमाणात दुधात उतरतात. बाळाला पातळ शी होऊ लागली तर भाजी थांबवून बघा.

१८. मला आठवा महिना आहे, घराच्या मागे कासविंदा माजलाय. मी जवळ गेले तर काही होईल का? आमचा थोरला तीन वर्षांचा, तो तिथेच खेळतो.

तुम्हाला काही होणार नाही. झाडाला हात लागल्याने, वासाने किंवा फुलांच्या परागाने लिव्हर बिघडत नाही.

धोका थोरल्याला आहे. प्रश्न ३ मधली मुलं याच वयाची होती. खेळता खेळता शेंगा सोलून, मटारासारख्या दिसतात म्हणून, बिया तोंडात टाकणारी. तुम्ही आठव्या महिन्याच्या, दुपारी डोळा लागतो, त्याच वेळात मूल मागच्या अंगणात. शेंगा भाद्रपद-आश्विनापासून भरू लागतात, त्याआधी झाडं मुळासकट उपटायला लावा. शेंगा धरल्या असतील तर त्या पिशवीत भरून नेऊ द्या, नाहीतर पडलेल्या बियांतून पुढच्या पावसात तीच झाडं पुन्हा उगवतील. शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्येही बघा. अंगणवाडीच्या कुंपणाला असेल तर सेविकाताईंना आणि ग्रामपंचायतीला सांगा. बिजनौर भागात गावोगावी लोकांना झाड दाखवून सांगितल्यावर आजारी मुलांचं प्रमाण घटलं. मुलाने बी खाल्लं असल्याची नुसती शंका आली तरी प्रश्न ७, शब्दशः.